लेक गप्प होती, तेव्हा रुळली नव्हती

"ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. थोरला मुलगा नऊ वर्षांचा आहे. ओडिशातल्या एका संस्थेतून आम्ही सव्वादोन वर्षांची मुलगी दत्तक घेतली. पासपोर्ट आणि व्हिसा हातात येईपर्यंत आधी भुवनेश्वरला, मग दिल्लीला हॉटेलात राहिलो. तेव्हा ती इतकी गुणी होती की बघणारे थक्क व्हायचे. रडणं नाही, हट्ट नाही, देऊ ते खायची, ठेवू तिथे बसायची. इथे येऊन बारा दिवस झाले आणि सगळं बिघडलंय. रात्री दोन-दोन तास रडते. मी जवळ गेले की ढकलते, चावते; बाबा मात्र हवा. उशीखाली पोळीचे चावलेले तुकडे सापडतात. परवा इंडियन ग्रोसरीत एका अनोळखी बाईकडे हात पसरून गेली. संस्थेने निघताना फोटोंचा अल्बम दिला होता. त्यातल्या माउसीचा, म्हणजे तिला तिथे सांभाळणाऱ्या बाईचा, फोटो बघून ती एवढी रडली की मी तो कपाटात लपवून ठेवलाय. नवरा सोमवारपासून ऑफिसला जाणार. महिनाअखेरीस सासूबाई पुण्याहून येतायत, त्या आल्या की मंडळाच्या हॉलमध्ये बारसं आहे, साठ-सत्तर माणसं, तेव्हाच नवीन नाव ठेवणार. नेटवर वाचलं की दोन वर्षांच्या आत घर मिळालं नाही तर अशी मुलं कायमची तशीच राहतात. आणि खरं सांगू? मला अजून तिच्याबद्दल आईसारखं काही वाटतच नाहीये. हे मी कुणालाही बोललेले नाही."

अगं, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. शेवटच्या वाक्यावर मी येतेच, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पण आधी तुझ्या मनातली एक समजूत दूर करू दे. हॉटेलात ती गुणी होती आणि इथे येऊन बिघडली, असं तू धरून चालली आहेस. घडलंय ते नेमकं उलट. हॉटेलातली तुझी मुलगी हबकलेली होती. आता तिला रडण्याइतकी जागा मिळाली आहे.

याला एक जुना आणि पक्का दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन आजारपणामुळे इस्पितळात ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण करत होते. तेव्हा आईबापांना वॉर्डात जेमतेम भेटू देत. मूल पहिले काही दिवस आकांत करायचं, मग शांत व्हायचं. डॉक्टर आणि नर्स म्हणायच्या, रुळलं. रॉबर्टसन वॉर्डात तासन्‌तास बसून असत. त्यांना दिसलं ते वेगळं होतं: मुलाने आशा सोडलेली असायची, आणि त्याही पुढे गेलं की ते कोणालाच जीव लावेनासं व्हायचं. १९५२ साली त्यांनी आठ दिवसांसाठी इस्पितळात आलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवलं. पुष्कळ जण चिडले. पण १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीनेच शिफारस केली की आईवडिलांना मुलांजवळ मोकळेपणाने येऊ द्यावं. "किती शहाणी आहे, रडत नाही" हे कौतुक मी दत्तक पालकांकडून ऐकते, तेव्हा मला ते वॉर्ड आठवतात आणि धस्स होतं.

तुझ्या लेकीच्या बाजूने बघ. एका दिवसात तिची माउसी गेली, शेजारच्या खाटेवरची मुलं गेली, भाताचा वास गेला, कानावर पडणारी भाषा गेली. मग विमान, थंडी, मोजे, आणि गाडीत बेल्ट बांधून जखडून ठेवणारी खुर्ची. हे तिला कोणी समजावून सांगू शकलेलं नाही. ती माउसीसाठी रडते, याचा अर्थ तिथे कोणीतरी तिला जीव लावला होता आणि तिनेही लावला होता. दत्तक घरात येणाऱ्या मुलाकडे याहून मोठी ठेव नसते. एकदा जीव लावायला शिकलेलं मूल पुन्हा लावू शकतं.

म्हणून तो अल्बम आजच कपाटातून काढ. तिच्या हाताला लागेल अशा जागी ठेव. ती माउसीच्या फोटोवर बोट ठेवेल, ओठ काढेल, रडेल. तू शेजारी जमिनीवर बस आणि म्हण, "माउसी. माउसीची आठवण येते ना?" मराठीत म्हण, तिला सूर कळतो. फोटो मिटू नकोस, खेळणं पुढे करून लक्ष उडवू नकोस. ढकललं तर हातभर लांब बस, पण उठून जाऊ नकोस. माउसीसाठी रडताना जवळ कोण बसलं होतं, हे तिच्या लक्षात राहणार आहे. संस्थेतून ज्या कपड्यांत ती आली ते अजून धुतले नसतील तर धुवू नकोस. तो फ्रॉक तिच्या उशाशी ठेव.

आता बाबा हवा आणि आई नको, याबद्दल. तू हे स्वतःच्या अंगाला लावून घेतलंस, ते साहजिक आहे, पण तुझं काही चुकलेलं नाही. तिचं सगळं जग बायकांच्या हातात होतं आणि त्या पाळीप्रमाणे बदलत राहायच्या. जिच्यावर सर्वांत जास्त विसंबली, तीच बाई गेली. तेव्हा पुन्हा एका बाईवर विसंबायला ती कचरते, असं मी अनेक मुलांत बघते. बाबा तिच्यासाठी नवा प्राणी आहे, त्याने तिला अजून काही गमवायला लावलेलं नाही. उलटही होतं, काही मुलं पुरुषाचा आवाज ऐकून थिजतात आणि बाबा महिनोन्‌महिने झुरतो.

यावर उपाय म्हणून बाबाने दूर होऊ नये. त्याने तिला तुझ्यापर्यंत आणून पोचवावं. जेवणाच्या वेळी बाबाने तिला मांडीवर घेऊन जमिनीवर बसायचं. तू समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. वाटीत मऊ वरणभात, आणि घास तू करायचास. चमचा नको, तुझी बोटं. पहिले दोन दिवस ती तोंड फिरवेल, तर घास बाबाच्या हातात दे, त्याने भरवावा. मग एखाद्या दिवशी भुकेपोटी तुझ्या हातचा घेईल. घेतला म्हणून टाळ्या पिटू नकोस, पुढचा घास कर. काही दिवसांनी बाबाने मांडी तीच ठेवून थोडं मागे सरकायचं. तिथल्या सोशल वर्करने "स्वतःच्या हाताने खायची सवय लावा" असं सांगितलं असेल. ती सवय लागेल तेव्हा लागेल. सध्या भरवण्यासारखं दुसरं साधन नाही, आणि आपल्या घरांत भरवायला कोणाला शिकवावं लागत नाही. दुधाची बाटली हवी असेल तर सव्वादोन वर्षांची आहे म्हणून नाही म्हणू नकोस. फक्त ती मांडीवर पडून प्यावी, घरभर हिंडत नव्हे. डोळ्यांत बघायला मात्र भाग पाडू नकोस. ती आपण होऊन बघेल.

आणि हे सगळं व्हायचं तर बाबाने सोमवारी ऑफिसला जाता कामा नये. न्यू जर्सीत दत्तक मुलाबरोबर राहण्यासाठीही कौटुंबिक रजेचा विमा लागू होतो: बारा आठवड्यांपर्यंत काही प्रमाणात पगार मिळतो आणि मूल घरी आल्यापासून वर्षभरात ती रजा घेता येते. "डिलिव्हरी झालेली नाही, मग रजा कशी मागू" असा संकोच मी मराठी पुरुषांत फार पाहते. नवऱ्याला सांग, हक्काची रजा आहे, आजच एचआरला मेल कर. सलग मिळत नसेल तर तुकड्यांत मागावी, पण पहिले काही आठवडे तो घरात हवा.

रात्रीचं रडणं. तिची झोप तीन गोष्टींनी मोडली आहे. एक तर घड्याळ: भारताचं आणि तुमचं अंतर साडेनऊ-साडेदहा तासांचं, मोठ्यांनाही आठवडा-दीड आठवडा लागतो. ते आपोआप निवळेल. दुसरी गोष्ट शांतता. ती मोठ्या खोलीत, दिव्याच्या उजेडात, दहा-पंधरा मुलांच्या श्वासोच्छ्वासात झोपत आली आहे. तुम्ही हौसेने सजवलेली वेगळी खोली, काळोख आणि बंद दार तिला भयाण वाटत असणार. आणि तिसरी म्हणजे शोक, तो रात्रीच बाहेर पडतो. तर क्रिब आणि वेगळी खोली यांचा विचार सध्या सोडून दे. खाली गाद्या घाला, सगळे एका खोलीत झोपा, बारीक दिवा राहू दे. थोरल्यालाही तिथेच झोपव. तिने जन्मापासून मुलांच्या सोबतीत दिवस काढलेत, त्यामुळे बरेचदा अशा घरात ती पहिल्यांदा भावालाच बिलगते. रडत उठली की आधी आवाज दे, मग हात लाव. उचलून घेतलेलं चालत नसेल तर शेजारी पडून राहा आणि रोज एकच ओळ गुणगुण. रडू द्यावं, थकून झोपेल, हा सल्ला तुला तिथे कोणी ना कोणी देईल. या मुलीसाठी तो चुकीचा आहे. कोणी न येण्याची तिला ओळख आहे, आता येण्याची व्हायला हवी.

आंघोळीला रडते का ते तू लिहिलं नाहीस, पण बहुतेक रडत असेल. शॉवर आणि भरलेला टब यांनी मुलं घाबरतात. बादली आणि तांब्या आण, छोट्या पाटावर बसव, पाणी आधी तिच्या पायावर, मग हातावर, डोक्यावर शेवटी. अंगाला तेल लावायला देत असेल तर तळपायापासून सुरू कर.

उशीखालच्या पोळीबद्दल तिला रागावली नसशील अशी माझी खात्री आहे. पुढचं जेवण कधी, किती, आपल्या वाट्याला येईल का, याची तिला शाश्वती नाही. ते तुकडे तिच्यासमोर काढून फेकू नकोस. ती झोपल्यावर शिळे काढ आणि त्यांच्या जागी ताजा तुकडा ठेव. तिच्या उंचीच्या एका स्टुलावर झाकणाचा डबा ठेव, त्यात केळं, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, पोळीचा मऊ तुकडा. डबा कधीही रिकामा दिसू द्यायचा नाही. शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं मात्र नकोत, या वयात ती घशात अडकतात. जेवताना पोट फुटेस्तोवर खात असेल तर ताटात थोडं थोडं वाढ, भांडं समोर राहू दे म्हणजे अजून आहे हे तिला दिसेल. "आता पुरे" हे शब्द काही महिने घरात नकोत. आणि चव ओळखीची ठेव. तिथे तिला भात आणि डालमा मिळत असणार, म्हणजे भाज्या घालून शिजवलेली डाळ. भोपळा, कच्चं केळं, बटाटा घालून तुलाही करता येईल. पिझ्झा, चीज, सीरिअल यांची घाई कसली आहे?

ग्रोसरीतली बाई. तुला वाटलं, ही माझ्याकडे येत नाही आणि परक्याकडे जाते. बघणारे म्हणाले असतील, किती गोड, लगेच येते. संस्थेत रोज नवी माणसं येतात, आणि जो हात पसरतो त्याला चार क्षण जास्त मिळतात. म्हणून ती सगळ्यांकडे जाते. आपली माणसं कोण आणि बाकीचे कोण, ही रेघ तिच्या मनात अजून उमटलेली नाही. ती तुम्हालाच उमटवायची आहे, आणि त्यासाठी पुढचे तीन-चार महिने एकच नियम पाळ: भरवणं, आंघोळ, कपडे बदलणं, झोपवणं आणि लागलं-खुपलं तर उचलून घेणं, ही पाच कामं आई आणि बाबा सोडून कोणीही करायची नाहीत. कोणीही म्हणजे कोणीही. खाऊसुद्धा कोणी परस्पर द्यायचा नाही, तुझ्या हातात द्यायचा. घरी कोणी आलं तर दारातच सांग, "सध्या ती आमच्याकडेच असते. बोला, हसा, पण उचलू नका." ओशाळायचं कारण नाही. ती कोणाकडे झेपावली तर ओरडू नकोस, हसत हसत तिला परत आपल्या कडेवर घे.

आता सासूबाई. त्यांचं तिकीट रद्द करू नका. नातीला भेटायला निघालेल्या आजीला "जवळ घेऊ नका" म्हणायचं, हे मला माहीत आहे किती कठीण आहे. म्हणून ते त्या विमानात बसण्याआधी व्हायला हवं, आणि त्यांच्या मुलाने, म्हणजे तुझ्या नवऱ्याने, फोनवर सांगायला हवं. तू सांगितलंस तर त्याचा वेगळाच अर्थ निघेल. त्यांना काय करू नका एवढंच सांगू नका, काय करा तेही सांगा. स्वयंपाकघर त्यांनी घ्यावं म्हणजे तुझे हात मुलीसाठी मोकळे होतील. थोरल्याला शाळेत सोडणं-आणणं, त्याला रात्री गोष्ट सांगणं त्यांनी करावं. तो नऊ वर्षांचा पोरगा सध्या घरात सर्वांत एकटा आहे. बहीण येणार म्हणून उड्या मारत होता आणि आली ती रडणारी, चावणारी. "हिला परत पाठवूया का" असं तो म्हणाला तर दचकू नकोस. बाबाने रोज अर्धा तास फक्त त्याच्याबरोबर बाहेर जावं. आजींनी नातीच्या समोर बसून गाणी म्हणावीत, टाळ्या वाजवाव्यात, तिने आपण होऊन दिलेली वस्तू घ्यावी. काही आठवड्यांत ती आजीच्या मागे मागे फिरू लागेल, आणि तोवर आईबाबा कोण हे तिला कळलेलं असेल.

बारसं पुढे ढकल. साठ-सत्तर माणसं, लाउडस्पीकर, भरजरी परकर आणि ह्या मांडीवरून त्या मांडीवर, हे तिला आत्ता सोसणार नाही. कार्यक्रमात ती कदाचित गप्पच बसेल आणि सगळे पुन्हा म्हणतील, किती शहाणी. तिचा वाढदिवस किंवा पुढची दिवाळी धरा. नावाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: संस्थेतलं नाव पुसू नका. ओडिशातून तिने बरोबर आणलेलं तेवढं एकच तिचं स्वतःचं आहे, हाक मारली की ती त्या नावाला वळते. तुमचं आवडीचं नाव त्याच्या पुढे किंवा मागे जोडा, घरात हाक जुनीच मारा.

नेटवर वाचलेलं. ते बहुधा बुखारेस्टच्या अभ्यासाबद्दल असणार. २००० साली रुमानियात संस्थांमधल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला; त्यातल्या निम्म्या मुलांना पालक-कुटुंबं मिळवून दिली. दोन वर्षांच्या आत घरात गेलेल्या मुलांना माणसांशी घट्ट नातं जोडायला जास्त सोपं गेलं, हे खरं आहे. पण तिथल्या संस्थांची अवस्था फार वाईट होती, आणि एकूण पाहिलं तर घर मिळालेली मुलं संस्थेतच राहिलेल्या मुलांपेक्षा बरी ठरली. सव्वादोन वर्षं म्हणजे दार बंद झालं, असं त्या अभ्यासात कुठेही नाही. शिवाय माउसीच्या फोटोसाठी ऊर फुटेस्तोवर रडणारी मुलगी जीव लावायला कधीच शिकली नाही, असं कोण म्हणेल?

डॉक्टरकडे अजून गेली नसशील तर याच आठवड्यात जा. संस्थेचे वैद्यकीय कागद ने, पण तपासण्या नव्याने करायला सांग: क्षयरोग, कावीळ बी, रक्तातलं शिसं आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, शौचातले जंत, कान आणि डोळेही. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, दिली होती हे सांग, म्हणजे क्षयाची चाचणी त्या हिशेबाने करतील. आणि तिच्या कंबरेवर, पाठीवर निळसर-करडे जन्मखुणांचे डाग असतील तर ते डॉक्टरांना दाखवून फाइलमध्ये लिहून घे. आपल्याकडच्या मुलांत ते सर्रास असतात, पण डेकेअरमध्ये एखाद्याला ते मारहाणीचे वळ वाटू शकतात. बोलणं, चालणं मागे आहे असं वाटलं तर तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तिथे अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे मागे पडलेल्या लहान मुलांना मदत करणारी सरकारी सोय, असते; त्याची तपासणी फुकट होते. आताच नाव घाल. ती सतत डोलत असेल, डोकं आपटत असेल, हाकेला वळत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांग.

आता तुझं. तिच्याबद्दल आईसारखं वाटत नाही, असं लिहिलंस. अगं, बारा दिवस झालेत. तू रात्र-रात्र जागते आहेस, चावे सोसते आहेस, आणि ज्या मुलीची इतकी वर्षं वाट पाहिलीस ती तुझ्याकडे पाठ करून झोपते. अशा वेळी मन सुन्न होतं. पोटच्या मुलाच्या बाबतीतही कित्येक बायकांना पहिले काही आठवडे असंच वाटतं आणि त्याही कोणाला सांगत नाहीत. तुला तिच्याबद्दल काय वाटतं हे रोज तपासत बसू नकोस. घास कर, तेल लाव, केस विंचर, रडली की जवळ बस. तुझ्या हातांना ती हळूहळू ओळखीची होईल, तिच्या केसांचा भोवरा, मानेवरचा तीळ, झोपेत मुठी आवळायची लकब. माया त्याच्या मागून येते. मी ती येताना इतक्या घरांत पाहिली आहे की तुला हे शपथेवर सांगेन.

नवऱ्याला मात्र आज रात्रीच सांग. आणि एजन्सीची सोशल वर्कर येईल तिलाही. भारताच्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी अहवाल जातो. म्हणून घर चकाचक करून "सगळं छान आहे" म्हणायची पालकांची धडपड असते. पण त्या सोशल वर्करने खूप आयांना याच अवस्थेत पाहिलेलं असतं. अडचण सांगितली म्हणून मुलगी काढून नेत नाहीत. मदत मात्र सांगितल्याशिवाय मिळत नाही. आणि बाळ झोपलं तरी तुला झोप येत नसेल, जेवण जात नसेल, दिवसभर रडू येत असेल, असं दोन आठवडे चाललं तर स्वतःसाठी डॉक्टरकडे जा. दत्तक आयांनाही नैराश्य येतं, आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला संपवण्याचा विचार एकदा जरी डोकावला तर त्याच क्षणी नवऱ्याला उठव आणि ९८८ या अमेरिकेतल्या मदत-क्रमांकाला फोन लाव. तो तिथे दिवसरात्र चालू असतो.

सोमवारच्या आत करायचं ते एवढंच: नवऱ्याची रजा, सासूबाईंना फोन, मंडळाच्या हॉलला नकार आणि डॉक्टरची वेळ. महिन्याभराने मला पुन्हा लिही. तेव्हाही ती तुला ढकलत असेल, तर तसंच लिही.